तिन्हीसांजेच्या उजेडात जोडप्याचा वाहता फोटो: आधी मागचा अंधार बघा

प्रश्न जालन्याहून आला आहे. विचारणारे लग्नाची कामं करतात; फुल फ्रेम कॅमेरा, ट्रायपॉड आणि एक स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) एवढं सामान जवळ आहे. सूर्य मावळल्यानंतर जोडप्याचा असा फोटो हवाय की चेहरे स्पष्ट राहतील आणि पदर, उपरणं, चाल मात्र वाहती दिसेल. एकाच लांब एक्स्पोजरमध्ये घेतला तर दोघंही भुतासारखी आरपार दिसतात. स्थिर फोटो काढून फोटोशॉपमध्ये मोशन ब्लर दिला तर खोटेपणा लगेच कळतो. मग करायचं कसं?

एवढं सामान पुरतं. एकाच जागेवरून स्थिर, हलत्या आणि रिकाम्या अशा वेगवेगळ्या फ्रेम काढायच्या आणि नंतर फोटोशॉपमध्ये जोडून एक फोटो, म्हणजे कंपोझिट, करायचा. पण त्याआधी एक गोष्ट. आरपार दिसण्याचं कारण तुम्ही जोडी कशापुढे उभी करता यात आहे, आणि ते एकदा पक्कं समजलं की पुढचं निम्मं काम हलकं होतं.

शटर उघडं असेपर्यंत सेन्सर उजेड साठवत राहतो. समजा एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं आहे आणि नवरदेवाचा हात एका जागी त्यातला निम्माच वेळ होता. उरलेला निम्मा वेळ त्या जागी मागचं आभाळ उमटत राहिलं. निम्मा वेळ म्हणजे उजेडात फक्त एका स्टॉपची घट. मावळतीचं आभाळ इतकं उजळ असतं की एक स्टॉप उतरलं तरी तिथे आभाळच दिसतं, हात पुसला जातो. मागे काळी जमीन असेल तर गणित उलटतं. हात तिथे नसतो तेव्हा जवळजवळ काहीच साठत नाही, आणि पदर जिथून जिथून गेला तिथे फक्त पदराचाच उजेड राहतो. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरनं पॅरिसच्या बूलव्हार द्यू तांपल रस्त्याचा फोटो काढला तेव्हा हेच झालं. रस्त्यावर वर्दळ होती, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे गाड्या-घोडे-माणसं सगळी नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ एका जागी उभा होता, तो तेवढा उमटला.

तेव्हा नियम एवढाच धरा: जे हलणार ते अंधारावर, जे स्थिर राहणार ते आभाळावर. डोकी आभाळात चालतील, कारण चेहरे आपण स्थिरच ठेवणार आहोत. पदर, घेर, पावलं आणि हात मात्र काळ्या रानावर पडले पाहिजेत.

आता हे साधायचं कसं? सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीइतकीच वर दिसते, समोरचा माणूस दहा फुटांवर असो की पन्नास. कॅमेरा गुडघ्याला ठेवला तर गुडघ्यापासून वरचं सगळं अंग आभाळावर येतं. प्री-वेडिंगमध्ये आपण सगळे खाली बसून, पोटावर पडून शूट करतो, कारण त्यात माणूस उंच आणि रुबाबदार दिसतो. या कामात ती सवय घात करते. ट्रायपॉड उभा करा, कॅमेरा जोडीच्या काखेच्या पातळीला, म्हणजे साधारण सव्वाचार फुटांवर आणा, आणि लेन्स सरळ ठेवा. रेघ छातीच्या वरच्या भागातून जाते, खांदे आणि डोकी आभाळात राहतात, बाकी सगळं जमिनीवर येतं. रेघ मानेतून जाऊ देऊ नका, ते डोळ्याला खुपतं. नवरा-नवरीच्या उंचीत बराच फरक असेल तर तिच्या खांद्याचा हिशोब धरा.

मराठवाड्यात राहून आरपार दिसण्याची तक्रार करावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. नांगरट झालेलं काळं रान संध्याकाळी जितकं गडद होतं, तितका चांगला पडदा कुठल्या स्टुडिओत मिळणार नाही. एप्रिल-मेमध्ये ढेकळांचं रान असतं तेव्हा हलक्या रंगाचा पदर त्यावर असा उमटतो की प्रत्येक चुणीची रेघ मोजता येते. डिसेंबरातली हिरवी शाळू ज्वारीही गडदच असते. पण वारा असला तर लांब एक्स्पोजरमध्ये कणसंही हलतात, म्हणून मागचं रान वेगळ्या, वेगवान फ्रेममध्ये घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की पिवळी धसकटं उरतात. ती उजळ असल्यामुळे फिक्या कपड्यांना तिथे काही अर्थ राहत नाही. अशा वेळी जोडीला गडद कपडे घालायला सांगा किंवा शेजारचं नांगरलेलं वावर शोधा. पाण्याच्या काठी आणखी सांभाळा. पैठणच्या नाथसागराच्या काठावर जागा सुंदर आहे, पण पाण्यात आभाळच उतरलेलं असतं. म्हणजे पायाखालूनही उजेड येतो आणि चाल पुसली जाते. तिथे जोडीची काळी आकृतीच घ्या, आणि ती कशी जोडायची ते पुढे सांगतो.

वेळेबद्दल एक गैरसमज फार आहे. ‘ब्लू अवर’ म्हणतात म्हणून तासभर मिळेल असं धरून लोक जातात. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा जो संधिप्रकाश, तो आपल्या अक्षांशावर वर्षभर २२ ते २४ मिनिटांचाच असतो. उत्तर युरोपात सूर्य तिरका उतरतो म्हणून तिकडच्या लोकांना जास्त वेळ मिळतो; आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. एवढ्या वेळात जमिनीवरचा उजेड साधारण सात स्टॉपनं उतरतो, म्हणजे सरासरी दर तीन मिनिटांना एक स्टॉप. पहिली सात-आठ मिनिटं आभाळ फार उजळ असतं आणि शेवटची चार-पाच मिनिटं फोकस लागत नाही. मधली बाराएक मिनिटं आपली. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो आणि मेच्या मध्यात सातला, तेव्हा जोडीला त्याच्या दीड तास आधी बोलवा. मेकअप, फेटा, जागेची ओळख, दोन-तीन रंगीत तालमी हे सगळं ऊन असतानाच उरकलेलं हवं.

उजेड तीन मिनिटांत निम्मा होतो, यातच कंपोझिटचा दुसरा कळीचा मुद्दा आहे. तीन फ्रेम लागतात: जोडी स्थिर, जोडी हलती, आणि जोडीशिवाय रिकामी जागा. पुष्कळ जण जोडीच्या सगळ्या फ्रेम काढतात आणि निघताना रिकामी जागा टिपतात. तोवर आभाळ निळ्याचं जांभळं झालेलं असतं आणि मग एडिटिंगमध्ये रंग जुळवत रात्र जाते. प्रत्येक पोझचा संच एका मिनिटात पूर्ण करा. स्थिर फ्रेम, लगेच हलत्या पाच-सहा, मग जोडी फ्रेमबाहेर आणि रिकामी फ्रेम. त्यानंतरच पुढची पोझ. बारा मिनिटांत असे तीन-चार संच होतात, आणि एका संध्याकाळला तेवढे पुरे.

आकडे सांगतो, पण ते सुरुवातीपुरते धरा. सूर्यास्तानंतर बारा-पंधरा मिनिटांनी, आभाळाचा रंग धरायचा असेल तर आयएसओ १०० आणि एफ/५.६ ला शटर पाव सेकंदाच्या आसपास येतं. ही झाली हलती फ्रेम. स्थिर फ्रेमसाठी अपर्चरला हात लावू नका, नाहीतर मागची धूसरता बदलते आणि दोन फ्रेमचे तुकडे जुळत नाहीत. आयएसओ ८०० करा, शटर १/३० करा. उजेड तेवढाच राहतो. फ्लॅश वापरत असाल तर त्याची ताकदही तीन स्टॉपनं उतरवा, १/४ ची १/३२. व्हाइट बॅलन्स आकड्यावर ठेवा, ऑटोवर अजिबात नको. फोकस चेहऱ्यावर लावून मॅन्युअल करा. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. मेमधल्या संध्याकाळी वावधान सुटतं, तेव्हा ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग टांगा आणि मधला दांडा वर काढू नका. क्लिक रिमोटनं किंवा दोन सेकंदांच्या टायमरनं.

पाव सेकंद कमी पडला आणि एक सेकंद हवा असेल तर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच) लावा. अपर्चर एफ/११ करूनही वेळ वाढतो, पण मागचं सगळं टोकदार होतं. फिल्टर नसेल तर सहा मिनिटं थांबा, आभाळच दोन स्टॉप उतरवून देतं.

किती वेळ शटर उघडं ठेवायचं याचा अंदाज असा बांधा. माणूस सावकाश चालला तर सेकंदाला सुमारे एक मीटर जातो. पूर्ण उंची मावेल अशा आडव्या फ्रेममध्ये रुंदी साधारण साडेतीन मीटर येते. अर्ध्या सेकंदात तो अर्धा मीटर सरकला, म्हणजे फ्रेमचा सातवा हिस्सा. एवढ्यात माणसाचा पट्टा होतो, माणूस राहत नाही. आडवं चालणं असेल तर पाव सेकंदाच्या वर जाऊ नका. तीच जोडी कॅमेऱ्याकडे चालत आली तर एक सेकंदही चालतो, कारण सरकणं कमी दिसतं. गिरकीला अर्धा सेकंद. नुसता पदर उडवायचा असेल तर पाव.

कपड्यांविषयी नवरीशी आधीच बोलून घ्या. पैठणी जड असते. ती उडत नाही, खाली येते, आणि तिचं ते खाली येणंच टिपण्यासारखं असतं. जॉर्जेट-शिफॉन मात्र हवेत थांबतं. करवलीला पदराचं टोक धरायला लावा, उडवू द्या आणि जागेवर बसू द्या. ती फ्रेममध्ये आली तरी चालतं, रिकामी फ्रेम तिला पुसते. नवरदेवाच्या फेट्याचा शेमला आणि उपरणं विसरू नका. आपण सगळी हालचाल नवरीच्याच अंगावर टाकतो आणि तो शेजारी खांबासारखा उभा राहतो. ठरवून जमलेल्या लग्नात दोघं एकमेकांना जेमतेम ओळखत असतात. त्यांना ‘रोमँटिक बघा’ म्हणू नका, काम द्या. त्यानं तिच्या खांद्यावरची शाल नीट करावी, तिनं शेमला पाठीवरून पुढे घ्यावा. हात हलतात, चेहरे आपोआप एकमेकांकडे जातात आणि मान स्थिर राहते. आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

फ्लॅशवर नारिंगी अर्धा सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारा पारदर्शक रंगीत कागद) लावा आणि व्हाइट बॅलन्स ३८०० केल्व्हिन ठेवा. त्वचा नैसर्गिक येते आणि आभाळ आहे त्याहून गर्द निळं होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको. छत्रीतून किंवा छोट्या सॉफ्टबॉक्समधून, बाजूनं, फक्त चेहऱ्या-खांद्यांवर पडेल असा. खालच्या घेरावर तो सांडला तर वाहत्या कपड्यावर एक गोठलेली प्रत उमटते. रिअर कर्टन सिंक असेल तर वापरा, म्हणजे फ्लॅश शेवटी उडतो आणि धूसर माग माणसाच्या पाठीमागे राहतो. फ्लॅश दुरून उडवणाऱ्या स्वस्त ट्रिगरना हे जमत नाही. तेव्हा एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये सहाय्यकानं शेवटच्या क्षणी फ्लॅशचं टेस्ट बटण हातानं दाबावं. दोन-तीन वेळा चुकतं, मग लय सापडते. आणि एक कळकळीनं सांगतो: चेहरे गोरे करू नका. आपल्याकडचा उन्हानं रापलेला गव्हाळ, सावळा रंग निळ्या आभाळापुढे फार देखणा दिसतो. तो पुसून तिथे पीठ फासल्यासारखा उजेड आणणं म्हणजे त्या माणसांचा अपमान आहे. घरच्यांनी मागितलं तरी आधी एक प्रिंट रंग न बदलता दाखवा.

आता जोडणी. चार-पाच तुकड्यांतून एक फोटो करणं हे फोटोशॉपनं आणलेलं खूळ नाही. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्लिश फोटोग्राफरनं १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं. सगळ्यांत खाली रिकामी फ्रेम ठेवा. वर हलती फ्रेम. पदर फिका आणि मागे काळं रान असेल तर या लेयरचा ब्लेंड मोड ‘लाइटन’ करा. खालच्यापेक्षा जे उजळ तेवढंच दिसतं, त्यामुळे मास्क न करताही पदराचा माग अलगद बसतो. दोन-तीन हलत्या फ्रेम अशाच एकावर एक ठेवल्या की पदराचे वेगवेगळे वळसे एकत्र येतात. इथे हात आवरा, दोनच बहुतेक वेळा पुरतात. नाथसागराकाठच्या काळ्या आकृतीला उलट ‘डार्कन’. त्यावर स्थिर फ्रेम साध्या मोडमध्ये, पूर्ण काळा मास्क लावून, म्हणजे सगळी झाकून. मग मऊ ब्रशनं चेहरे, मान आणि एकमेकांना धरलेले हात तेवढे उघडा. मास्कची कड जबड्यावर किंवा केसांच्या रेषेवर आणू नका. खांद्याच्या कपड्यात, जिथे मुळातच थोडी हालचाल आहे, तिथे ती विरघळवा. मागे माणसं-वाहनं फिरत असतील तर रिकाम्या जागेच्या सात-आठ फ्रेम घ्या आणि त्यांचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड ‘मीडियन’ ठेवा. फिरणारं सगळं निघून जातं.

तुमचा फिल्टरचा ब्लर खोटा का दिसतो, तेही सांगतो. फिल्टर सगळ्याला एकाच दिशेनं, एकसारखं ओढतो. खरा हात खांद्याभोवती कमानीत फिरतो: खांदा जवळजवळ स्पष्ट, कोपर थोडं धूसर, बोटं नाहीशी. चालताना एक पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं, ते बऱ्यापैकी स्पष्ट उमटतं आणि दुसरं वाहतं. पैठणीच्या जरीकडे बघा. खऱ्या एक्स्पोजरमध्ये जरीचा एकेक चमकता ठिपका स्वतःची उजळ रेघ ओढत जातो. फिल्टरमध्ये तोच ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळून मळकट होतो, कारण फोटोत त्याचा जास्तीचा उजेड आधीच कापला जाऊन तो नुसता पांढरा उरलेला असतो. एखाद्या कोपऱ्यात ठिगळ लावावंच लागलं तर ‘पाथ ब्लर’ वापरा, कमान हातानं काढा आणि मुळाशी वेग शून्य ठेवा. पण मुख्य हालचाल कॅमेऱ्यातच व्हायला हवी. यावर मी तडजोड करत नाही.

जागांचं थोडक्यात. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्मारकं. तिथे ट्रायपॉडला आणि व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी लागते. वेरूळ-दौलताबादचे दरवाजे तर सूर्यास्ताच्या सुमाराला बंदच होतात, आणि आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. देवगिरीचा किल्ला हवा असेल तर पूर्वेकडच्या रानातून, मालकाला विचारून घ्या. डोंगर मावळतीवर काळा उभा राहतो आणि डोक्यांमागेही अंधार मिळतो, मग सबंध माणूस हलवता येतो. रानात अंधार पडताना विहिरी सांभाळा, कठडा नसलेल्या पुष्कळ असतात. उजेडातच फिरून बघा, एक माणूस बॅटरी घेऊन जोडीजवळ ठेवा.

तारीख ठरवताना घरच्यांचं ऐका. हळद लागल्यावर जोडीला शिवेबाहेर आणि तेही तिन्हीसांजेला पाठवायला वडीलधारी मंडळी राजी नसतात, आणि त्यांच्याशी वाद घालून काढलेल्या फोटोत जोडीच्या चेहऱ्यावर ताण दिसतो. लग्न गोरज मुहूर्तावर असेल तर त्या बारा मिनिटांत दोघं अंतरपाटाच्या दोन बाजूंना असतात. म्हणून हे काम हळदीच्या आधी आठवडाभर, नाहीतर लग्नानंतर कुलदैवताचं दर्शन झाल्यावर ठेवा. दुसरं मला जास्त आवडतं. तोवर दोघं एकमेकांशी बोलायला लागलेली असतात.

शेवटचं प्रिंटबद्दल. मॉनिटरवर सुंदर दिसणारी गडद निळाई अल्बमच्या कागदावर काळी पडते आणि पदराचे बारीक माग आधी जातात. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवून एडिट करा, सावल्यांचा भाग थोडा उचला आणि पूर्ण अल्बम पाठवण्याआधी लॅबकडून एक पान छापून घ्या. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर मधली घडी दोघांच्या मधून जाऊ देऊ नका. जोडी एका पानावर घ्या आणि वाहता पदर दुसऱ्या पानावर जाऊ द्या.